काळ्या रानात डीएपी टाकूनही स्फुरद (फॉस्फरस) लागू होत नसेल तर काय करायचं

काळं चुनखडीचं रान असेल आणि दरवर्षी डीएपीच्या, म्हणजे नत्र (नायट्रोजन) आणि स्फुरद देणाऱ्या खताच्या, बॅगा टाकूनही पीक खुजं राहत असेल तर आधी माती परीक्षण करा, त्यात पीएच (माती आम्ल की विम्ल ते), मुक्त चुना (मातीतली चुनखडी) आणि उपलब्ध स्फुरद (पिकाला उचलता येणारं) हे तीन आकडे बघा. पीएच 8 च्या आसपास आणि चुना जास्त म्हणजे टाकलेलं स्फुरद कॅल्शियमला चिकटून बसणार. पहिल्या हंगामात पिकाच्या वाट्याला साधारण 15 ते 20 टक्केच येतं, बाकीचं रानातच पडून असतं पण मुळाला उचलता येत नाही. त्यात स्फुरद नत्रासारखं पाण्याबरोबर धावत नाही, जेमतेम काही मिलिमीटर सरकतं, म्हणून वरून फेकू नका, पेरणीच्या वेळी बियाच्या खाली-बाजूला दोन बोटं अंतरावर पेरून द्या.

रब्बीचा हरभरा धरून सांगतो. बियाला बुरशीनाशक लावायचं असेल तर ते आधी, जिवाणू सगळ्यात शेवटी, नाहीतर मरतात. 10 किलो बियाला रायझोबियम (हवेतलं नत्र पिकाला देणारे जिवाणू) 250 ग्रॅम आणि पीएसबी (स्फुरद सोडवणारे जिवाणू) 250 ग्रॅम, गुळाच्या थंड केलेल्या पाण्यात कालवून हलक्या हाताने चोळा, सावलीत सुकवा आणि लगेच पेरा. पाकिटावरची तारीख बघूनच घ्या, दुकानात उन्हात पडलेलं पाकीट तर अजिबात नको.

पीएसबीचे जिवाणू सेंद्रिय आम्लं सोडतात आणि त्याने चुन्याला चिकटलेलं स्फुरद सुटतं, पण त्यांना खायला कर्ब (कुजलेल्या शेणखत-पाल्यातला कार्बन) लागतो, रानात सेंद्रिय कर्बच नसेल तर नुसत्या पाकिटाने काही होत नाही. आणि चुना फार असला की तेवढं आम्ल तिथल्या तिथेच मारलं जातं, म्हणून पीएसबी लावलं की स्फुरद बंद असं करू नका. चांगलं कुजलेलं शेणखत द्या. कुजलेलंच म्हणतोय कारण कच्चं काड पेरणीच्या तोंडावर गाडलं तर ते कुजवायला जिवाणू मातीतलं नत्र-स्फुरद आधी स्वतःच खातात आणि रोप उपाशी राहतं.

हरभऱ्याच्या पानावरची आंब सगळ्यांना माहितीये, तसलीच आम्लं त्याचं मूळही मातीत सोडतं, म्हणून चुनखडीच्या रानात फेरपालटाला हरभरा मला फार आवडतो. मायकोरायझा ही पिकाच्या मुळांशी जोडून राहणारी बुरशी वेगळं काम करते, तिचे धागे मुळाच्या पोहोचेबाहेर जाऊन स्फुरद आणतात. पण स्फुरद जास्त झालं की पीक या बुरशीला पोसायचं थांबतं, आणि कोबी, फ्लॉवर, मोहरीच्या मुळांशी तर तिचं जमतच नाही, तिथे त्यावर पैसे घालवू नका.

डीएपी मिळत नसेल तर एका बॅगेऐवजी 3 बॅगा सिंगल सुपर फॉस्फेट आणि 20 किलो युरिया, नत्र-स्फुरदाचा हिशोब जवळपास तेवढाच बसतो आणि वर गंधक फुकट मिळतं, कडधान्य आणि तेलबियांना तर हेच बरं. ज्या रानात उपलब्ध स्फुरद आधीच हेक्टरी 25 किलोच्या वर आहे तिथे डोस कमी करा, कारण जास्तीच्या स्फुरदाने जस्ताची कमतरता येते, मक्यात नव्या पानांवर शिरेच्या बाजूने पांढरट पट्टे दिसले की हाच संशय घ्या. झिंक सल्फेट द्यायचं तर डीएपीत मिसळून देऊ नका, शेणखतात मिसळून वेगळं द्या.