शाळेत रिपोर्ट दिला, तरी काहीच हललं नाही? या चुका टाळा

मुलाला वाचता-लिहिताना काय अडतं, याच्या तपासणीचा 16 पानी रिपोर्ट मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवून घरी आले, तेव्हा मला एकदम हलकं वाटलं होतं. तीन महिन्यांनी वर्गशिक्षिकेला विचारलं, तर त्यांनी तो पाहिलाच नव्हता. फाइलीत पडून होता. विज्ञानात उत्तर बरोबर असूनही शुद्धलेखनापायी मार्क कापणं तसंच चालू. संताप आला. पण खरं सांगायचं तर निम्मी चूक माझी होती. एकदा ‘डिस्लेक्सिया’ (बुद्धी चांगली असूनही वाचन-शुद्धलेखन अडणं) हे नाव शाळेला कळलं, की पुढचं शाळाच बघेल, असं मी गृहीत धरलं होतं.

नावाने काही होत नाही. नाव वाचून शिक्षिकेला उद्याच्या तासाला वेगळं काय करायचं ते कळत नाही, आणि 16 पानं वाचायला वेळ कुणाला असतो? मग मी रिपोर्टच्या शेवटच्या शिफारशी घेऊन एक पान तयार केलं. डावीकडे काय अडतं, उजवीकडे काय करायचं. उदाहरणार्थ, फळ्यावरून उतरवताना तो एकेका अक्षरासाठी मान वर करतो, सहा ओळींतल्या जेमतेम दोन होतात आणि तोवर फळा पुसला जातो. म्हणून मजकूर छापील द्यावा. मोठ्याने वाचायला अचानक उभं करू नये. शुद्धलेखनाचे मार्क फक्त भाषेच्या पेपरात कापावेत. हे पान मी प्रत्येक विषयाच्या शिक्षकांना स्वतः नेऊन दिलं. पुढच्याच आठवड्यात छापील कागद वहीत चिकटवलेला दिसला.

रिपोर्ट आपणही नीट वाचत नाही, ही दुसरी चूक. ‘पर्सेंटाइल 9’ पाहून मला वाटलं, शंभरात नऊ मार्क! तसं नसतं. त्याच वयाची 100 मुलं घेतली, तर साधारण 9 मुलं त्याच्याइतकी किंवा त्याच्याखाली आहेत, एवढाच त्याचा अर्थ. ‘स्टँडर्ड स्कोअर’ बहुतेक चाचण्यांत सरासरी 100 धरून काढतात आणि 85 ते 115 च्या दरम्यान सुमारे दोन तृतीयांश मुलं येतात. म्हणजे 90 आला तर काळजी नको. पण समजण्याचा 110 आणि वाचनाचा 78 असेल, तर ती दरी शाळेला बोट ठेवून दाखवा. आळशीपणाच्या आरोपाला यापेक्षा चांगलं उत्तर नाही.

“जरा लक्ष द्या हो त्याच्याकडे.” ही विनंती सगळे पालक करतात, मीही केली. शिक्षिका “हो हो” म्हणतात, त्यांच्या मनातही खोट नसते, पण त्यातून घडत काहीच नाही. मोजता येईल असं मागा: दहाऐवजी पाच गणितं, परीक्षेत जादा वेळ, गृहपाठ तोंडी न सांगता लेखीच. आणि भेट झाली की त्याच संध्याकाळी ईमेल करा. काय ठरलं, कोण करणार, कधीपासून, पुन्हा कधी भेटायचं. सहा आठवड्यांनंतरची तारीख तिथेच मागून घ्या. शिक्षक बदलले की तोंडी ठरलेलं त्यांच्याबरोबरच जातं.

हे मागताना उपकार मागितल्यासारखा आवाज नको. संयुक्त राष्ट्रांच्या 2006 च्या दिव्यांग हक्क करारात शिक्षणाचं कलम 24 आहे, आणि गरजेप्रमाणे वाजवी सोय नाकारणं हा भेदभाव मानला आहे. अर्थात पहिल्याच भेटीत कलम आपटू नका. शिक्षिका बिथरल्या तर वर्गात भोगावं मुलालाच लागतं.

कधी शाळा म्हणते, “मार्क तर बरे आहेत, मदत कशाला?” काही मुलं शाळेत दिवसभर स्वतःला आवरून धरतात आणि घरी दप्तर फेकून रडतात. शिक्षकांना ते दिसणार कसं? दोन आठवडे गृहपाठाच्या वेळा लिहून ठेवा. वीस मिनिटांच्या कामाला दीड तास लागतो, हे तारखांसह समोर आलं की बोलणं बदलतं.

कान-डोळे तपासलेत ना? हे खरं तर सगळ्यात आधी. कानाच्या पडद्यामागे पाणी साचलं की ऐकू येणं कमी-जास्त होत राहतं, आणि ‘मनात असेल तेव्हाच ऐकतो’ असा शिक्का बसतो.

माझी शेवटची चूक बरीच उशिरा कळली. पहिला बाक मी भांडून मिळवला होता, पण मुलगा दिवसेंदिवस गप्प होत गेला. विचारलं तर म्हणाला, “आई, तिथे बसलो की सगळे माझी वही बघतात.” त्याला कुणी विचारलंच नव्हतं. त्याने स्वतःच जागा सुचवली: दुसरा बाक, भिंतीकडची बाजू, शेजारी त्याचा मित्र. फळा तिथूनही दिसतो.