ताज्या अंजिराचं पुडिंग घट्ट का होत नव्हतं?

दोनदा तेच झालं. दूध, क्रीम, साखर, जिलेटिन सगळं मोजून घेतलं, वर ताज्या अंजिराचा गर कालवला आणि रात्रभर फ्रीजमध्ये ठेवलं. सकाळी बघते तर पातळच, शिवाय चवीला किंचित कडवट. दुसऱ्या वेळी जिलेटिन दीडपट घातलं, तरी काही फरक नाही.

दोष जिलेटिनचा नव्हताच. कच्च्या अंजिरात फिसिन नावाचं एन्झाइम असतं, ते प्रथिनं तोडतं. जिलेटिन म्हणजे प्रथिनच, मग ते धरणार कसं? दुधातली प्रथिनंही त्यानेच तुटतात, कडवटपणा त्यातूनच येतो. अननस आणि पपईची गतही हीच.

तिसऱ्यांदा २५० ग्रॅम अंजिरं चिरून दोन चमचे साखर नि थोडा लिंबाचा रस घालून मंद आचेवर शिजवली. चांगली रटरटू दिली, दहा-बारा मिनिटं. उष्णतेने फिसिन निकामी होतं. गर पूर्ण गार करून मगच मिश्रणात घातला. पुडिंग सुरेख बसलं, आणि शिजवल्यामुळे रंगही किती छान गडद आला! कच्च्याच फोडी हव्या असतील तर वाढताना वरून ठेवा, किंवा जिलेटिनऐवजी अगर-अगर वापरा. ते प्रथिन नाही, त्यामुळे फिसिनचं त्यावर काही चालत नाही.

उरलेल्या अंजिरांचे चीज लावून टोस्ट केले. पाव आधी कोरडा भाजून घ्या, नाहीतर रसाने लगदा होतो.