कान्हेरीला जाताय? सकाळीच निघा

बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात जायचं तर सोमवार टाळा, त्या दिवशी उद्यान बंद असतं. आणि सकाळी लवकर पोहोचा. मुख्य प्रवेशद्वारापासून कान्हेरी लेणी सहा-सात किलोमीटर आत आहेत. ऊन चढल्यावर ती चढण पायी नको वाटते. लेण्यांचं तिकीट वेगळं काढावं लागतं.

बहुतेक जण तिसऱ्या क्रमांकाचा चैत्य, म्हणजे बौद्ध भिक्षूंचं प्रार्थनागृह, बघतात, फोटो काढतात आणि परततात. खरंच, तसं करू नका. कातळात खोदलेल्या पायऱ्यांनी वर चढा. इथे शंभरहून अधिक लेणी आहेत, आणि मला सगळ्यात जास्त भावतं ते तिथलं पाण्याचं नियोजन. खडकावर पन्हळी कोरल्यात; पावसाचं पाणी त्यांतून लेण्याशेजारच्या टाक्यात उतरतं. शिलालेखांत या टाक्यांना 'पोढी' म्हटलंय. जवळपास दोन हजार वर्षांपूर्वी भिक्षूंनी पावसाळ्याचं पाणी असं साठवलं! पावसाळ्यात गेलात तर त्या पन्हळी वाहताना दिसतील. मात्र तेव्हा कातळ शेवाळलेला असतो, चांगल्या पकडीचे बूट हवेतच.

खाऊची पिशवी हातात लोंबकळत ठेवू नका, माकडं हिसकावतात. सॅकमध्ये चेन लावून ठेवा. पाणी माणशी दोन लिटर तरी घ्या. हे बिबट्यांचं जंगल आहे, म्हणून लहान मुलांना पुढे पळू देऊ नका आणि अंधार पडायच्या आत बाहेर पडा.