एनबीएची विझिट लागली? मग हे आधी काढून ठेवा

एनबीए म्हणजे इंजिनिअरिंगच्या कोर्सला मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ, त्याची टीम कॉलेज तपासायला येते. तारीख आली की आपल्याकडं सगळे पहिले गेटला रंग मारायला धावतात. ते राहू द्या, आधी कोर्स फाइली काढा, मागच्या तिन्ही वर्षांच्या, विषयवार. सिलॅबस, टाइमटेबल असतंच, पण टेस्टचा पेपर पाहा, प्रत्येक प्रश्नासमोर सीओ (कोर्स आउटकम, म्हणजे त्या विषयातून पोट्ट्याला काय यायला पाहिजे ते) टाकलाय का, अन् हुशार, मधला, कच्चा अशा तीन पोट्ट्यांच्या उत्तरपत्रिका लावल्यात का. आमच्याकडं मागं तीन वर्षांच्या पेपरांवर एका रात्रीत एकाच हिरव्या पेनानं सीओ टाकले होते, मेंबरनं पानं पलटवली अन् शांतपणे विचारलं, "सर, हा पेन तीन वर्षं पुरला?"

मग अटेनमेंटची, म्हणजे ते सीओ पोट्ट्यांनी किती गाठले त्याची, एक्सेल. टार्गेट गाठलं नाही तर फार घाबरायचं कारण नाही, पण पुढच्या वर्षी त्यासाठी काय केलं, एक्स्ट्रा क्लास घेतले का, मीटिंगची मिनिट्स तारखेसकट आहेत का, हे लागतेच. सगळीकडं शंभर टक्के दाखवलं की उलट जास्त खोदतात.

लॅबमध्ये मशीन चालू पाहिजे अन् ती लॅब असिस्टंटलाच चालवू द्या, रोज तोच चालवतो ना. लाइटीचा भरोसा नाही, जनरेटरचं डिझेल आदल्या दिवशीच भरा. स्टॉक रजिस्टर पण तिथंच ठेवा.

टीमला भेटवायला पालक आणायचे असतात, अन् विझिट कापूस वेचणीत आली तर खेड्यातला कोणता बाप दिवस मोडून येईल? आठ दिवस आधी फोन करा, गाडी पाठवा. माजी विद्यार्थ्यांना तसं सोपं जाते, विझिट बहुतेक शुक्रवार ते रविवार असते, पुण्याचे पोट्टे येऊन जातात.

पालकांना एक खरं सांगा. मान्यता ब्रँचला मिळते, अख्ख्या कॉलेजला नाही, म्हणून बोर्डावर ब्रँच अन् कधीपर्यंतची ते लिहा. अन् भारत 2014 पासून वॉशिंग्टन अकॉर्डचा (इंजिनिअरिंगच्या डिग्र्या एकमेकांकडं मानायचा देशादेशांतला करार) कायम सदस्य आहे हे खरं, पण ते टियर-1 वाल्यांसाठी, म्हणजे स्वायत्त कॉलेजं अन् विद्यापीठांसाठी; आपण विद्यापीठाला संलग्न, टियर-2 मधले, काहून उगाच "डिग्री अमेरिकेत चालते" सांगत फिरायचं?

पोट्ट्यांकडून व्हिजन-मिशन पाठ करून घेऊ नका, प्रोजेक्ट सांगता आला तरी पुष्कळ.

अन् हो, कपाटांच्या चाव्या. ज्याच्याकडं आहेत त्याची त्या आठवड्यातली सुट्टी आधी पाहून घ्या.