जुन्या काळचा ड्रेस शिवताय? आधी या चुका टाळा

ऐतिहासिक ड्रेस शिवायचा ठरलं की बहुतेक जण आधी भारी कापड घेऊन मोकळे होतात आणि गडबड तिथेच होते, कारण त्या काळचा आकार वरच्या कापडात नसतोच, तो आतल्या कपड्यांत असतो. समजा 1770 च्या आसपासचा युरोपियन गाऊन करायचाय. तर आधी आतला सुती झगा, त्यावर कडक बोनिंगची (म्हणजे आत ताठ पट्ट्या घातलेली) अंगी, मग घेर बाजूंना फुगवायला कमरेला बांधायचे पॅनियर आणि पेटीकोट, हे सगळं शिवून अंगावर चढवायचं आणि मगच गाऊनची मापं घ्यायची. उघड्या अंगावर घेतलेलं माप इथे काही कामाचं नाही.

कमरेवर आडव्या सुरकुत्या पडतायत? लगेच बाजूच्या शिवणी उसवून आत घेऊ नका, आत बोनिंग आहे का आणि वरचा भाग कमरेला लांब होतोय का ते आधी बघा. घेर पॅनियरवर चढून बाजूंनी वर उचलला जातोय? तर खालून कापायचं नाही! खालची कड सरळच ठेवायची आणि लांबीचा फरक वर कमरेच्या बाजूला काढायचा, तेव्हाही असंच करायचे. आणि ट्रायल मांजरपाटावरच घ्या प्लीज, सिल्कला कात्री लागली की लागली.

दुसरी चूक म्हणजे म्युझियममधला ड्रेस जसा दिसतो तसाच तो मुळात होता असं धरून चालणं. सिल्क महाग असायचं म्हणून लोक जुने गाऊन उसवून नव्या फॅशनचे करून घ्यायचे, शिवाय व्हिक्टोरियन काळात, म्हणजे एकोणिसाव्या शतकात, फॅन्सी ड्रेससाठीही अठराव्या शतकातले कितीतरी कपडे बदलले गेले. त्यामुळे जुन्या टाक्यांची भोकं आणि घड्यांच्या रेषा शोधा. 1770 च्या कपड्यावर मशीनची टीप दिसली तर ते काम नंतरचंच, कारण शिलाई मशीन घरोघरी पोचायला लागलं ते 1850 नंतर. रंगाचंही तसंच, बाहेरून फिकट दिसला म्हणून तुम्ही फिकट कापड घेता, पण शिवणीच्या आतल्या मार्जिनला उजेड लागलेला नसतो, मूळ रंग तिथे जास्त टिकलेला असतो. मला तर कपड्याची आतली बाजूच जास्त आवडते, शिवणाऱ्याचा हात तिथे दिसतो.

म्युझियमला आधी लेखी विचारून वेळ घ्या आणि ऐन वेळी पेन नको, पेन्सिल न्या. कपडा स्वतः उलटू नका, क्युरेटरला सांगा. गॅलरीत अंधार का असतो म्हणून वैतागू नका, कापडासाठी उजेड साधारण 50 लक्सच (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) ठेवतात कारण उजेडाने झालेलं नुकसान परत भरून येत नाही.

आणि खरा जुना कपडा घालून बघायचा मोह, तो तर अजिबात नको. 2022 मध्ये हॉलिवूडच्या मर्लिन मन्रोचा 1962 चा ड्रेस न्यूयॉर्कच्या मेट गाला या फॅशन सोहळ्याला घातला गेला तेव्हा आयकॉमने, म्हणजे म्युझियमच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, स्पष्ट सांगितलं होतं की ऐतिहासिक कपडे कुणीच घालू नयेत. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी शेवटी तर सिल्क जड वाटावं म्हणून त्यात धातूचे क्षार भरायचे, असं सिल्क नुसतं टांगून ठेवलं तरी चिरतं. घरी असा एखादा कपडा असेल तर हँगरला लावू नका, ॲसिड-फ्री टिश्यू घालून आडवा ठेवा, घड्यांमध्येही टिश्यूच्या गुंडाळ्या भरा आणि कसर लागली नाही ना हे अधूनमधून उघडून बघत जा.