कर्टनवरचे व्हिनाइल : आधी उतरवायला शिका, मग चिकटवायला

ट्रकच्या बाजूच्या पडद्यांवर, म्हणजे आमच्या धंद्यात ज्यांना सरसकट 'कर्टन' म्हणतात त्यांवर, व्हिनाइलचे (मागे गोंद असलेल्या प्लॅस्टिक फिल्मचे) ग्राफिक लावायला शिकू पाहणारी मुले बहुधा एकच प्रश्न घेऊन येतात : बबल न येता चिकटवायचे कसे? प्रश्न रास्त आहे, पण तो दुसऱ्या पायरीवरचा आहे. वडाळा, कळंबोली आणि भिवंडीच्या गोदामांच्या पट्ट्यात हे काम करताना माझे असे ठाम मत झाले आहे की नवख्याने पहिले काही महिने फक्त जुनी ग्राफिक्स उतरवावीत. उतरवण्याचे काम कोणालाच नको असते, त्यामुळे ते सहज मिळते. आणि व्हिनाइल कोणत्या कारणाने हरते हे त्या कामात जितके स्पष्ट दिसते तितके नवे काम लावताना कधीच दिसत नाही.

उतरवताना घाई करू नये. हीट गनने फिल्म हाताला सोसेल इतपत कोमट करावी आणि एक कोपरा उचलून तिरक्या कोनात, सावकाश, एकाच वेगाने ओढत न्यावी. झटका दिला की फिल्मचा तुकडा हातात येतो आणि गोंद कापडावर राहतो. पण ओढायला सुरुवात करण्याआधी ग्राफिकच्या कडा नीट पाहाव्यात. अक्षराच्या चारही बाजूंनी बारीक काळी रेघ दिसत असेल तर ती छपाईचा भाग नसते. फिल्म आक्रसून आत सरकली, तिच्या मागे गोंदाची उघडी पट्टी राहिली आणि त्या पट्टीवर रस्त्याची धूळ बसली, असा त्या रेघेचा अर्थ असतो. अशी फिल्म जवळजवळ नेहमी कॅलेंडर्ड प्रकारची निघते. ती गरम रोलरांमधून दाबून, ताणून पातळ केलेली असते आणि तो ताण तिच्या अंगात शिल्लक राहतो. ऊन लागले की ती मूळ आकाराकडे परत जाऊ पाहते. कास्ट फिल्म पातळ द्रावण ओतून, भट्टीत वाळवून तयार होते, त्यामुळे तिच्यात असा ताण फारसा नसतो. शिवाय ती साधारण 50 मायक्रॉन इतकी पातळ असल्याने कापडाबरोबर वळते. कॅलेंडर्ड फिल्म सहसा 70 ते 100 मायक्रॉनची असते. दुकानाच्या पाटीवर ती चांगली टिकते, पण कर्टन रोज सरकतो आणि घडी होतो, आणि प्रत्येक वेळी घडी त्याच जागी पडते. उभ्या समांतर भेगा पडलेले ग्राफिक दिसले तर त्या भेगांमधले अंतर मोजून पाहा. ते पडद्याच्या घड्यांशी जुळेल.

दुसरी खूण बोटाला कळते. फिल्म उतरल्यावर गोंद च्युइंगमसारखा तारा धरत असेल तर त्याचे कारण कापडात शोधावे लागते. कर्टनचे कापड म्हणजे पॉलिस्टरच्या धाग्यांचे विणकाम आणि त्यावर दोन्ही बाजूंनी पीव्हीसीचा थर. वजन बहुधा दर चौरस मीटरला 700 ते 900 ग्रॅमच्या आसपास. पीव्हीसी मुळात कडक असते. ते लवचिक व्हावे म्हणून त्यात प्लॅस्टिसायझर हा तेलकट पदार्थ मिसळतात. तो पीव्हीसीशी रासायनिकरीत्या बांधलेला नसतो, म्हणून उन्हात हळूहळू पृष्ठभागावर येतो, तिथून गोंदात शिरतो आणि गोंद मऊ पडतो. कापडावर वरून दिलेला लॅकरचा थर ही गळती बरीच रोखतो. म्हणूनच लॅकर जपणे हे या कामातले सर्वांत मोठे पथ्य आहे आणि म्हणूनच उरलेला गोंद काढायला थिनर किंवा पेट्रोल वापरणे मला मान्य नाही. गोंद झटपट निघतो हे खरे, पण त्याबरोबर लॅकरही विरघळते आणि त्या जागी लावलेले पुढचे प्रत्येक ग्राफिक लवकर सुटते. आगीचा धोका आहे तो वेगळाच. गोंद काढण्यासाठी मिळणारा रिमूव्हर आधी पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात वापरून पाहावा आणि मगच पुढे जावे. नवीन काम घेताना फिल्म निवडायची ती कास्ट आणि प्लॅस्टिसायझरला दाद न देणाऱ्या गोंदाची. पुरवठादाराकडून माहितीपत्रक मागून त्यात लवचिक कापडाचा स्पष्ट उल्लेख आहे का, हे स्वतः वाचावे.

मला ज्यांनी हे काम शिकवले ते काका पडद्याला हात लावल्याशिवाय दर सांगत नसत. आधी नखाने हलकेच खरवडायचे, मग पांढरे कापड फिरवून त्यावर काय येते ते पाहायचे, मग पाण्याचे चार थेंब टाकायचे. धुतलेल्या पडद्यावर पाणी पसरायला हवे. ते मोत्यासारखे गोळा होऊन घरंगळत असेल तर वर तेल किंवा सिलिकॉन आहे असे समजावे. टायर चमकवण्याचा जो द्रव वापरतात तो पडद्याच्या खालच्या पट्ट्यावर उडालेला असतो, आणि त्यात सिलिकॉन असते. त्यानंतर ते फिल्मचा तळहाताएवढा तुकडा कोपऱ्यात लावून ठेवत आणि दुसऱ्या दिवशी ओढून पाहत. "गिऱ्हाईक घाई करेल, कापड घाई करणार नाही," असे ते म्हणत. मोठ्या कामात ही एक दिवसाची परीक्षा मी आजही टाळत नाही.

स्वच्छतेचा क्रम साधा आहे. साबणाच्या पाण्याने धुणे, भरपूर साध्या पाण्याने खंगाळणे, पूर्ण वाळू देणे आणि शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसणे. पुसताना दोन कापडे हवीत, एक ओले आणि मागोमाग एक कोरडे. अल्कोहोल आपोआप उडू दिले तर सुटलेली घाण पुन्हा तिथेच बसते.

आता अक्षरांविषयी, कारण इथे मराठी गिऱ्हाइकाचे काम इंग्रजीपेक्षा वेगळे पडते. कोरलड्रॉ या रेखाटनाच्या सॉफ्टवेअरमध्ये मराठी मजकूर कर्व्हमध्ये, म्हणजे नुसत्या बाह्यरेषांत, बदलला की संगणकाच्या पडद्यावर शिरोरेषा अखंड दिसते, पण फाइलमध्ये प्रत्येक अक्षराचा तुकडा स्वतंत्र असतो आणि शेजारच्या तुकड्यावर थोडा चढलेला असतो. ती फाइल तशीच प्लॉटरला, म्हणजे फिल्म कापणाऱ्या यंत्राला, दिली तर ब्लेड प्रत्येक चढावाची रेघ कापते आणि 'ट्रान्सपोर्ट' हा एक शब्द अनेक सुट्या तुकड्यांत हाती येतो. म्हणून संपूर्ण शब्द निवडून वेल्ड करावा, म्हणजे सगळे तुकडे एका आकारात जोडावेत, आणि बाह्यरेषांच्या दृश्यात जाऊन शिरोरेषेला छेदणारी कापाची रेघ उरलेली नाही ना, हे तपासावे. मात्रा, रफार आणि वेलांटी यांची निमुळती टोके हा दुसरा प्रश्न. कर्टन वळताना सर्वांत आधी टोकेच उचलली जातात. मी ती टोके किंचित जाड आणि गोल करून घेतो. जोडाक्षरातले केसासारखे बारीक सांधेही भरून घेतो. अक्षरांच्या मांडणीची जाण असलेल्या माणसाला हा बदल बोचू शकतो, पण योग्य फाँट सुरुवातीलाच निवडला तर फार काही बदलावे लागत नाही. जाड, सरळ वळणाचे अक्षर कर्टनवर टिकतेही आणि महामार्गावर लांबून वाचताही येते.

प्रत्यक्ष लावताना पडदा दोन्ही टोकांच्या खांबांवर ताणून, खालचे बकल आवळून घ्यावा. तरीही स्क्वीजी (फिल्म दाबून बसवायची पट्टी) दाबली की कापड आत जाते आणि दाब वाया जातो, म्हणून आतल्या बाजूने एक सोबती गुळगुळीत प्लायचा तुकडा टेकवून उभा हवा आणि तो तुकडा स्क्वीजीबरोबर सरकत राहिला पाहिजे. कर्टनवर काम कोरडेच करावे. साबणपाणी मारून लावण्याची सवय काचेच्या कामातून आलेली असते. इथे ते पाणी गोंदाखाली अडकते. ग्राफिक अनेक तुकड्यांत असेल तर ट्रकच्या मागच्या टोकापासून केबिनकडे आणि खालून वर यावे, म्हणजे जोडाची उघडी कड वाऱ्याच्या आणि पावसाच्या तोंडी येत नाही. पडद्याच्या कापडाचे दोन पन्हे जिथे उष्णतेने जोडलेले असतात तिथे फिल्म पायरीवरून तंबूसारखी उचलली जाते, म्हणून तुकड्यांची विभागणीच त्या जोडावर येईल अशी आखणी टेबलावर करावी. चौकोनी कोपरे नेहमी गोल करावेत.

एक गोष्ट मात्र अपवाद न करता पाळावी : ताणलेल्या पडद्यावर ब्लेड चालवू नये. वरची फिल्म कापताना खालचा पीव्हीसीचा थर जरासा जरी चिरला, तरी पॉलिस्टरचे धागे त्या चिरेतून पाणी ओढून घेतात आणि ओल आतल्या आत लांबवर पसरते. कापायचे ते आधी टेबलावर, आणि जागेवर कापणे अटळ असेल तर नाइफलेस टेप वापरावी; तिच्यातला दोरा ओढला की वरची फिल्म ब्लेडशिवाय कापली जाते.

ग्राफिकची जागा ठरवताना परावर्तक पट्ट्या झाकल्या जात नाहीत याची खात्री करावी. त्यांची तरतूद केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 च्या नियम 104 मध्ये आहे, आणि गिऱ्हाइकाने आग्रह धरला तरी त्यांवर फिल्म चढवू नये.

मुंबईची हवा या कामाला सोपी नाही. मे महिन्यात दुपारी गडद रंगाचा पडदा इतका तापतो की गोंद पहिल्या स्पर्शालाच पकड घेतो आणि फिल्म उचलून पुन्हा बसवता येत नाही. जून ते सप्टेंबर कापड वरून कोरडे वाटले तरी शिवणीत आणि कडांमध्ये ओल असते. त्यात अवजड वाहनांना शहरात ठरावीक वेळी मनाई असल्यामुळे गाडी हाती येते ती अवेळी. शक्य तिथे छप्पर असलेल्या जागेचा आग्रह धरावा आणि पहाटेची वेळ मागून घ्यावी.

शिक्षणाच्या वाटा अनेक आहेत. आयटीआयमधला डीटीपीचा अभ्यासक्रम किंवा मुंबईच्या शासकीय मुद्रण तंत्र संस्थेची पदविका छपाई आणि फाइलचे काम पक्के करते. पण कापडाची ओळख तिथे होत नाही, ती रेडियम कटिंगच्या (गाड्यांवरची स्टिकर-अक्षरे कापणाऱ्या) आणि फ्लीट ग्राफिक्सच्या (कंपन्यांच्या गाड्यांच्या ताफ्यावर ग्राफिक लावणाऱ्या) दुकानात मदतनीस म्हणून राहूनच होते. दुकान निवडताना पगाराच्या आधी एक गोष्ट विचारावी : इथे जुने काम दुरुस्तीला परत येते का, आणि आले तर ते कोण पाहतो? जिथे या प्रश्नाला सरळ उत्तर मिळते तिथे शिकायला मिळते. छापील ग्राफिक असेल तर सॉल्व्हंट शाई लॅमिनेशनपूर्वी, म्हणजे वर पारदर्शक संरक्षक फिल्म चढवण्यापूर्वी, किमान एक दिवस सुकू देतात का, हेही नजरेने टिपावे. न सुकलेल्या शाईतला सॉल्व्हंट गोंद बिघडवतो. आणि कास्ट फिल्मवर लॅमिनेशनही कास्टच हवे.

काम संपले की ते ड्रायव्हर आणि क्लीनर यांच्या हवाली होते, म्हणून त्यांच्याशी पाच मिनिटे बोलण्यासाठी नेहमी वेळ राखून ठेवावा. पहिला पूर्ण दिवस पडदा सरकवू नये, नंतरही घड्या सैल ठेवाव्यात आणि पट्ट्याने करकचून बांधू नये, प्रेशर पंपाची धार कडेवर तिरकी न मारता लांबून सरळ मारावी, आणि एखादी कड उचललेली दिसली तर ओढून काढण्याऐवजी दुकानात फोटो पाठवावा, एवढे मी त्यांना सांगतो आणि त्याच सूचना मराठीत व हिंदीत छापलेला स्टिकर केबिनच्या दाराच्या आतल्या बाजूला लावून देतो.