डॅनिश वंशाचे, दक्षिण आफ्रिकेत जन्मलेले: अमेरिकेतल्या दोन समाजांची आर्थिक तुलना करायची कशी

अमेरिकेच्या जनगणना खात्याच्या आकड्यांवरून केलेले तक्ते अनेकदा असे दिसतात: एका रकान्यात 'डॅनिश', शेजारच्या रकान्यात 'दक्षिण आफ्रिकेतून आलेले स्थलांतरित', आणि खाली घराचं उत्पन्न, दारिद्र्य, बेकारी, मालकीची घरं. आकडे खरे असतात, पण रकाने एका मापाचे नसतात. पहिला गट वंशावर ठरलाय, दुसरा जन्मस्थळावर. तुलना बिघडते ती बहुतेक वेळा इथेच. म्हणून आकड्यांना हात लावण्याआधी गटात कोण बसतं ते नक्की करा.

गटात कोण आहे

डॅनिश वंश सांगणारे अमेरिकेत बारा लाखांच्या वर आहेत. यातले बहुतेक जण अमेरिकेतच जन्मले. पणजोबा किंवा त्यांचे वडील एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आले. कुणी १८५०नंतर मॉर्मन पंथात जाऊन युटामध्ये, कुणी १८६४च्या युद्धात डेन्मार्कच्या दक्षिणेचा श्लेस्विग प्रांत हातचा गेल्यावर, कुणी आयोवा-नेब्रास्का-मिनेसोटात जमीन मिळते म्हणून. आयोवातलं एल्क हॉर्न, विस्कॉन्सिनमधलं रसीन, १९११मध्ये वसवलेलं कॅलिफोर्नियातलं सोल्वांग ही त्यांची ओळखीची ठिकाणं. अमेरिकेत राहणारे, पण स्वतः डेन्मार्कमध्ये जन्मलेले लोक मात्र तीस हजारांच्या आसपासच आहेत.

दक्षिण आफ्रिकेत जन्मलेले लाखाहून जास्त आहेत आणि ही मुख्यतः पहिली पिढी आहे. १९७६च्या सोवेटोच्या उठावानंतर, १९८५च्या आणीबाणीत आणि १९९४मध्ये वर्णभेदी राजवट संपली त्याच्या आगेमागे लोक निघाले. डॉक्टर, इंजिनिअर, हिशेबनीस, व्यावसायिक. व्हिसाच्या चाळणीतून आलेला माणूस सरासरी नागरिकापेक्षा जास्त शिकलेला असणारच. त्याचं उत्पन्न चार पिढ्यांच्या शेतकरी कुटुंबाच्या शेजारी मांडून 'अमुक समाज पुढे' म्हणणं म्हणजे चाळलेल्या धान्याची न चाळलेल्याशी तुलना.

तुलनेच्या तीन जोड्या शक्य आहेत.

जन्म विरुद्ध जन्म ही सगळ्यात स्वच्छ जोडी. दोन्हीकडे पहिली पिढी येते. अडचण एकच, डॅनिश बाजूचा नमुना लहान पडतो.

वंश विरुद्ध जन्म ही जोडी 'जुना, रुजलेला समाज आणि नवा आलेला समाज' असा प्रश्न असेल तरच घ्या, आणि तसं तक्त्याच्या डोक्यावर लिहा.

वंश विरुद्ध वंश ही जोडी टाळा. वंशाचा प्रश्न मोकळा असतो, लोक मनात येईल ते लिहितात आणि त्यातली पहिली दोनच उत्तरं नोंदली जातात. आफ्रिकानर, म्हणजे मुख्यतः डच मुळाचा गोरा दक्षिण आफ्रिकी, 'डच' लिहितो, दरबानहून आलेलं भारतीय वंशाचं कुटुंब 'इंडियन', आणि जोहान्सबर्गच्या ज्यू कुटुंबांची मुळं बहुतांशी लिथुआनियात असल्यामुळे तिथून 'लिथुआनियन' असं उत्तर येऊ शकतं. वंशाने शोधलंत तर दक्षिण आफ्रिकी समाजाचा मोठा भाग हाती लागतच नाही. डॅनिश बाजूलाही गळती आहे, कारण काही जण नुसतं 'स्कँडिनेव्हियन' लिहितात आणि त्याचा संकेतांक वेगळा असतो.

आकडे कुठून घ्यायचे

२०००नंतर दहा वर्षांच्या जनगणनेतली लांब प्रश्नावली बंद झाली. तिची जागा 'अमेरिकन कम्युनिटी सर्व्हे'ने घेतली. २००५पासून तो पूर्ण प्रमाणात चालतो आणि दरवर्षी सुमारे ३५ लाख पत्त्यांवर जातो. याचे एक वर्षाचे आणि पाच वर्षांचे असे दोन संच निघतात. एक वर्षाचा संच ६५,००० किंवा जास्त वस्तीच्या भागांसाठीच असतो.

जनगणना खात्याच्या डेटा संकेतस्थळावर आधी हे तक्ते काढा:

- बी०५००६: परदेशात जन्मलेल्यांची जन्मस्थळानुसार संख्या
- बी०४००६: वंशानुसार संख्या
- एस०२०१: निवडलेल्या गटाची पूर्ण आर्थिक रूपरेषा

पहिले दोन फक्त डोकी मोजतात, उत्पन्न सांगत नाहीत. एस०२०१ मध्ये उत्पन्न, दारिद्र्य, व्यवसाय, घरभाडं सगळं मिळतं, पण गटही ६५,०००चा हवा. म्हणून डॅनिश वंश मिळतो, डेन्मार्कमध्ये जन्मलेले मिळत नाहीत. पुष्कळ तक्ते वाकडे होतात ते यामुळेच: जे तयार मिळालं ते शेजारी ठेवलं जातं.

२०२०चा एक वर्षाचा संच वापरू नका. साथीमुळे उत्तरं नीट आली नाहीत आणि खात्याने तो प्रायोगिक म्हणूनच काढला.

कच्च्या नोंदींवरून काम

जन्म विरुद्ध जन्म करायचं तर सार्वजनिक सूक्ष्म नोंदी, म्हणजे 'पम्स' फायली, लागतात. त्यात वर्षाला लोकसंख्येच्या साधारण एक टक्का नोंदी असतात. डेन्मार्कमध्ये जन्मलेले तीस हजार, म्हणजे एका वर्षात जेमतेम तीनशे नोंदी. पाच वर्षांच्या फायलीत सुमारे पंधराशे. पाच वर्षांचीच घ्या.

१. व्यक्तींची आणि घरांची अशा दोन्ही फायली उतरवा आणि 'सीरियलनो' या रकान्यावर जोडा.

२. जन्मस्थळाचा रकाना 'पीओबीपी'. डेन्मार्क १०६, दक्षिण आफ्रिका ४४९. संकेतांक त्या संचाच्या शब्दकोशात एकदा पडताळून घ्या.

३. 'सीआयटी' रकान्यात फक्त ४ आणि ५ ठेवा. ३ म्हणजे अमेरिकन आईवडिलांचं परदेशात जन्मलेलं मूल. केपटाऊनला नोकरीवर असलेल्या अमेरिकन जोडप्याची मुलगी दक्षिण आफ्रिकी स्थलांतरित ठरत नाही.

४. घराच्या उत्पन्नासाठी 'हिंकपी' घ्या, प्रत्येक घरातून एकच नोंद म्हणजे कुटुंबप्रमुखाची (फॉर्मवर पहिलं नाव असलेल्याची) ठेवा आणि 'डब्ल्यूजीटीपी' हा घराचा भार लावा. भार म्हणजे ती एक नोंद प्रत्यक्षातल्या किती घरांच्या किंवा माणसांच्या वतीने उभी आहे तो आकडा. माणसागणिक उत्पन्नासाठी 'पिंकपी' आणि 'पीडब्ल्यूजीटीपी'. भार विसरलात किंवा अदलाबदल केलीत तर पुढचं सगळं चुकतं.

५. उत्पन्न 'अ‍ॅडजिंक'ने गुणून दहा लाखांनी भागा. या रकान्यात दशांश चिन्ह छापलेलं नसतं, सहा स्थळं गृहीत धरलेली असतात. हे केल्यावर पाचही वर्षांचे डॉलर शेवटच्या वर्षाच्या किमतीला येतात.

६. मध्यक (उत्पन्नं क्रमाने लावल्यावर बरोबर मधलं) काढा, सरासरी नको. या फायलींत फार मोठी उत्पन्नं ओळख लपवण्यासाठी बदललेली असतात. दक्षिण आफ्रिकी गटात वरच्या टोकाला डॉक्टर आणि कंपनी चालवणारे बरेच, म्हणून सरासरी तिथे जास्त हलते.

तयार स्वरूपात हव्या असतील तर मिनेसोटा विद्यापीठाच्या 'इपम्स'वर याच नोंदी मिळतात. तिथे उत्पन्न लागू नसेल तर ९९९९९९९ लिहिलेलं असतं. ते गाळलं नाही तर तुमच्या तक्त्यात लहान मुलं कोट्यधीश होतात.

घर कुणाच्या नावावर मोजलं जातं

घराचं उत्पन्न कुटुंबप्रमुखाच्या गटात मोजलं जातं. दक्षिण आफ्रिकेत जन्मलेली डॉक्टर, अमेरिकेत जन्मलेला नवरा, फॉर्मवर पहिलं नाव नवऱ्याचं: हे घर दक्षिण आफ्रिकी रकान्यात येत नाही. नावांचा क्रम उलटा असता तर आलं असतं. मिश्र विवाह जास्त असतील तर हा फरक लहान राहत नाही. उपाय म्हणजे दोन मोजण्या करा: एकदा कुटुंबप्रमुखावरून, एकदा 'घरातली कोणतीही प्रौढ व्यक्ती त्या देशात जन्मलेली' या अटीवर. दोन्ही उत्तरं जवळ आली तर निश्चिंत व्हा, नाहीतर दोन्ही छापा.

वय आणि मुक्काम

डॅनिश वंशाच्या लोकांत निवृत्त माणसं बरीच आहेत, दक्षिण आफ्रिकी गटात कमावत्या वयाचे जास्त. त्यामुळे नुसतं घराचं उत्पन्न पाहिलं की डॅनिश बाजू उगाच खाली दिसते, आणि मालकीची घरं पाहिली की उगाच वर दिसते, कारण वय वाढतं तसं घराचं कर्ज फिटत जातं. कुटुंबप्रमुखाचं वय २५ ते ६४ एवढंच ठेवा. मग दहा-दहा वर्षांच्या चार टप्प्यांत दर काढा, दोन्ही गटांच्या दरांना अमेरिकेच्या एकूण लोकसंख्येतलं त्या टप्प्याचं प्रमाण लावा आणि बेरीज करा. घरमालकी 'टेन' रकान्यात आहे: १ कर्जावर, २ कर्जमुक्त, ३ भाड्याने. १ आणि २ वेगळे दाखवा.

जन्म विरुद्ध जन्म या जोडीत येऊन किती वर्षं झाली तेही बघा ('योईपी'). दहा वर्षांच्या आतले, दहा ते वीस, वीसच्या वर असे तीन टप्पे पुरतात. दक्षिण आफ्रिकेतून आलेल्याची पहिली वर्षं कागदावर दिसतात त्यापेक्षा कठीण असतात. १ मार्च २०२१पासूनच्या नियमाने तिथल्या निवृत्ती विम्याचे पैसे देश सोडून गेला म्हणून मुदतीआधी काढायचे, तर करासाठी सलग तीन वर्षं अनिवासी राहावं लागतं. डॅनिश माणसाला आणखी एक दार उघडं आहे: अमेरिकेच्या गुंतवणूकदार व्हिसाच्या करारात डेन्मार्क आहे, दक्षिण आफ्रिका नाही.

राहण्याचा खर्च

दक्षिण आफ्रिकी वस्ती सॅन डिएगो, लॉस एंजेलिस, अटलांटा अशा महानगरांत दाट आहे. डॅनिश वंशाचे लोक युटा, आयडाहो आणि मध्य-पश्चिमेत पसरलेत. अर्थविश्लेषण खातं दरवर्षी प्रादेशिक किंमत पातळी जाहीर करतं, देश म्हणजे १००. कॅलिफोर्निया ११०च्या वर असतो, आयोवा ९०च्या आसपास.

समजा कॅलिफोर्नियातल्या घराचं उत्पन्न ८०,००० डॉलर आणि पातळी ११२. ८०,००० भागिले १.१२, म्हणजे सुमारे ७१,४००. आयोवातलं घर ७०,००० वर, पातळी ८९, तर सुमारे ७८,७००. दहा हजारांनी मागे असलेलं घर सात हजारांनी पुढे गेलं.

दारिद्र्याच्या सरकारी दरात हा फरक धरलेलाच नसतो. दारिद्र्यरेषा कुटुंबाचा आकार आणि वय बघते, राज्य बघत नाही. म्हणून महागड्या शहरातल्या गटाचं दारिद्र्य कमी मोजलं जातं.

फरक खरा की नमुन्याचा

जनगणना खात्याच्या प्रत्येक आकड्याशेजारी त्रुटीची मर्यादा, म्हणजे नमुन्यामुळे आकडा किती इकडेतिकडे असू शकतो ते, छापलेली असते, ९० टक्के विश्वासाची. तिला १.६४५ने भागलं की प्रमाण त्रुटी. दोन्ही गटांच्या प्रमाण त्रुटींचे वर्ग मिळवा, वर्गमूळ काढा, आणि आकड्यांच्या फरकाला त्याने भागा. उत्तर १.६४५च्या वर आलं तरच फरक आहे म्हणा.

समजा एक मध्यक ८४,००० (मर्यादा ८००), दुसरा ९०,००० (मर्यादा ६,५००). प्रमाण त्रुटी ४८६ आणि ३,९५१, एकत्र ३,९८१. ६,००० भागिले ३,९८१ म्हणजे १.५१. सहा हजार डॉलरचं अंतर डोळ्यांत भरतं, पण ते सिद्ध होत नाही. लहान गटाची मर्यादाच इथे निकाल ठरवते.

पम्समध्ये मर्यादा छापलेली नसते. तिथे ८० पर्यायी भार दिलेले असतात. प्रत्येक भाराने आकडा पुन्हा काढा, मूळ आकड्यापासूनच्या अंतरांचे वर्ग मिळवा, ४ भागिले ८० ने गुणा, वर्गमूळ घ्या.

गावपातळीवर जायचा मोह आवरा. या नोंदींतला सगळ्यात लहान भाग लाखभर वस्तीचा असतो. सहा हजारांचं सोल्वांग त्यात वेगळं दिसत नाही.

जे आकड्यांत येतच नाही

हा सर्व्हे उत्पन्न मोजतो, संपत्ती नाही. आयोवातल्या शेतकऱ्याचं उत्पन्न खर्च वजा जाता धरलं जातं. मक्याचा भाव पडला त्या वर्षी ते उणेसुद्धा येतं, आणि नावावर लाखो डॉलरची जमीन असते. उणे उत्पन्नाच्या नोंदी चूक समजून पुसू नका.

दुसरी बाजू हंगामी शेतमजुरांची. एच-२ए व्हिसावर मेक्सिकोचे लोक सर्वाधिक येतात, पण दक्षिण आफ्रिकेतूनही हजारो येतात, कापणीची यंत्रं आणि ट्रॅक्टर चालवायला. सर्व्हेचा नियम असा की त्या पत्त्यावर दोन महिन्यांहून जास्त मुक्काम असणारा धरायचा. त्यामुळे हंगामात सापडलेले मोजले जातात, थंडीत परतलेले सुटतात. शिवाय 'दक्षिण आफ्रिकी' हा एक समाज नाहीच. सॅन डिएगोचा दंतवैद्य आणि नॉर्थ डकोटात कंबाइन चालवणारा बावीस वर्षांचा मुलगा एकाच मध्यकात बसवले तर तो मध्यक दोघांपैकी कुणाचाच नसतो. नागरिकत्व आणि शिक्षण यांवरून गट फोडा ('एससीएचएल' २१ किंवा जास्त म्हणजे पदवीधर), वर्णावरूनही फोडून बघा. फोडल्यावर एखाद्या चौकटीत शंभरापेक्षा कमी नोंदी उरल्या तर तिथे आकडा न छापता आडवी रेघ द्या.

तक्त्याखाली एवढं तरी लिहा: कोणता संच आणि वर्षं, गट वंशाने की जन्माने ठरवला, घर कोणत्या अटीवर मोजलं, वयोगट, डॉलर कोणत्या वर्षाचे, किंमत पातळी लावली की नाही, आणि प्रत्येक गटात भार न लावलेल्या नोंदी किती.